पंधरावी मुलगी

माझ्या मुलीला मी शाळेत आई म्हणू देत नसे. नियम सोपा होता. सकाळी घरून निघालो की टोपी बाजाराच्या तोंडापर्यंत मी आई आणि तिथून पुढे बाई. कोपऱ्यावर एक जरीच्या टोप्यांचं दुकान होतं, त्याची दगडी पायरी रस्त्यावर आलेली होती. ती पायरी दिसली की मुलगी आपणहून माझा हात सोडायची आणि दोन पावलं मागे चालायला लागायची. संध्याकाळी परतताना पायरी गाठली की धावत येऊन हात धरायची. तेव्हा ती आठ वर्षांची होती. मला या नियमाचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

अभिमानाला कारण होतं. लष्कर नावाच्या आमच्या शहरातली मराठी वस्ती म्हणजे माणसं थोडी आणि तोंडं फार. बाईंची मुलगी म्हणून पहिला नंबर आला, असं कुणी म्हटलेलं मला खपलं नसतं. म्हणून मी तिला शेवटच्या बाकावर, उजव्या हाताच्या खिडकीशी बसवलं होतं. प्रश्न सगळ्यांत शेवटी तिला आणि ओरडा सगळ्यांत आधी तिला. लेकी बोले सुने लागे, ही म्हण सासवांसाठी असेल, मी ती वर्गात वापरली. सगळ्या मुलींना दटावायचं असलं की मी माझ्या मुलीला दटावत असे आणि वर्ग चिडीचूप होई. बाकीच्या शिक्षिका मला विचारत, तुमच्या वर्गात इतकी शांतता कशी? मी नुसती हसत असे.

शाळा मुलींची होती. बाकी सगळे वर्ग हिंदीचे, मराठीचा एकच. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, मध्ये दोन हातांची वाट. शेजारच्या खोलीत शिकवणारीला मुली बहनजी म्हणत, मला बाई. एवढ्याशा खोलीला मी काय समजत होते कोण जाणे. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनहून इकडे आले, ते काय घेऊन आले नि त्यातलं काय उरलं, याचा विचार करताना मला ती खोलीच दिसायची.

मुलगी जन्मली त्याच वर्षी संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाला. तेव्हा फारसं काही बिघडलं नव्हतं. यजमान दरबारच्या कचेरीत कारकून होते ते मध्यभारताच्या कचेरीत कारकून झाले. इमारत तीच, खुर्ची तीच, पाटी तेवढी नवी. ज्यांची पलटण मोडली त्यांचे हाल झाले, पण ते दुसऱ्यांचे होते, आणि दुसऱ्यांचे हाल माणूस लवकर विसरतो. मुलगी आठ वर्षांची झाली आणि मध्यभारतही मोडला. आता मध्यप्रदेश आणि राजधानी भोपाळ. बाड्यावर, शहराच्या मुख्य चौकात, महिनाभर दुसरा विषय नव्हता. भोपाळात आहे काय, एक तळं, असं लोक म्हणत आणि घरी जाऊन सामान बांधत.

दफ्तरं लाकडी खोक्यांत भरली गेली. ट्रकांमधून ती पडावाकडे, स्टेशनावर जात, आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून लोक ती बघत. यजमानांनाही हुकूम आला. दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन ते गेले. तिथे राहायला जागा नव्हती, चार कारकून एका खोलीत राहत होते. म्हणून मी आणि मुलगी मागे राहिलो. लोकांना मी हेच कारण सांगत असे. खरं कारण असं होतं की मला माझा वर्ग सोडवत नव्हता.

वर्ग मात्र आम्हांला सोडून चालला होता. दर आठवड्याला एक-दोन मुली कमी व्हायच्या. माझं अक्षर बरं म्हणून शाळा सोडल्याचे दाखले मीच लिहीत असे. कारण: पालकाची बदली. वर्तणूक: चांगली. एकतीस मुली होत्या त्या पौषापर्यंत पंधरा उरल्या. त्यातच शिक्षणखात्याकडून कागद आला. पटावर आणि प्रत्यक्षात पंधरापेक्षा कमी मुली आढळल्या तर मराठीचा वर्ग पुढच्या सत्रापासून हिंदीत मिसळावा. माघात निरीक्षक साहेब येतील आणि डोकी मोजतील.

पंधरा म्हणजे माझी मुलगी धरून.

मी घरोघरी फिरले. टोपी बाजाराच्या मागच्या बोळात एक कुटुंब होतं. नवरा संस्थानच्या फौजेत होता, पलटण मोडल्यावर पडावात एका गोदामावर चौकीदारी करत होता. मोठी मुलगी माझ्या तिसरीत होती. त्या बाईने मला पाट दिला, चहा ठेवला आणि सरळ विषयालाच हात घातला.

"बाई, राग नका मानू. पण आता मराठी वाचून हिला काय भेटणार? सगळा कारभार तर हिंदीत चालून राहिला. हिचे बाबा म्हणतात, अगल्या साली हिंदीत टाकायचंच आहे तर आत्ताच का नाही?"

मी जे बोलायचं ते बोलले. आजी-पणजीची भाषा, दख्खनची आठवण, सगळं. ती ऐकून घेत होती. चहाचा पेला माझ्या हातात देत म्हणाली, "आणि तुमची? साहेब तर भोपाळला गेले. तुम्ही पण मुलीला घेऊन चालल्या जाल, मग आमच्या पोरींचं काय?"

मला राग आला. खरं बोललेलं ऐकलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे. मी म्हटलं, "माझी मुलगी वर्गात बसते आहे तोवर तुम्ही तुमचीला काढू नका."

"वचन?"

"वचन."

"मग ठीक आहे. शेजारच्या दोघींना पण मी सांगते, त्या माझं ऐकतात."

तिने शब्द पाळला. तिन्ही मुली टिकल्या. मी मात्र हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. आता माझी एक मुलगी गेली तर तिच्याबरोबर आणखी तिघी जाणार होत्या.

आठवडाभरातच यजमानांचं पत्र आलं. क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आणि पुढे अंगण. तुझ्या थोरल्या वन्सं तिथे राहायला आल्या आहेत, त्या मुलीचं सगळं करतील. तू नोकरीचं काय ते ठरव, पण मुलीला पाठव, मी शनिवारी घ्यायला येतो. हे पत्र मुलीने स्वतः, अक्षरावर बोट ठेवून, मोठ्याने वाचलं. मीच शिकवलं होतं तिला वाचायला. वाचून झाल्यावर तिने शाळेचा बस्ता रिकामा केला आणि त्यात बांगड्यांच्या काचांचा डबा, बाबांनी दिलेली निळी पेन्सिल आणि एक परकर भरला. शनिवारला अजून चार दिवस होते.

मी बघत बसले. मग म्हटलं, "निरीक्षण झाल्यावर गेलीस तर?"

"कधी होईल?"

"माघात."

"आई, मी गेली तर वर्ग बंद होऊन जाईल का?"

मी हो म्हटलं.

"मग मी नाही जात," ती म्हणाली आणि परकर बाहेर काढून घडी करून ठेवला.

मी तिला शहाणी म्हटलं. आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मी माझा वर्ग ठेवला आणि तो तिने उचलला म्हणून तिला शाबासकी दिली. यजमानांना पत्र टाकलं, घाई करू नका, निरीक्षणानंतर या.

माघातली आमच्याकडची थंडी हाडात शिरते. दुपारपर्यंत धुकं हटत नाही. मुलीला सर्दी झाली, मग कान दुखायला लागला. निरीक्षणाला तेव्हा दोन दिवस होते. मी लसूण टाकून कढवलेलं तेल कानात घातलं, कापसाचा बोळा लावला. सगळ्याच पोरांचे कान दुखतात. दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही. मी तक्ते लिहीत होते, भिंतीला लावायला. डाव्या कानावर हात धरून ती माझ्या शेजारी येऊन पडली आणि मी तिला म्हटलं, तक्त्यावर पाय नको लागू देऊ.

निरीक्षणाच्या दिवशी सकाळी अंग गरम लागलं. मी काही दगडाची नव्हते. मला भीती वाटली. पण त्याच वेळी मी मनाशी जुळवत होते की साहेब अकराला येणार, साडेअकराला मोजून जातील, बारापर्यंत हिला डॉक्टरकडे नेता येईल. एक तासाचाच तर प्रश्न. तिला कानटोपी घातली, माझी शाल गुंडाळली आणि निघालो.

टोपी बाजाराची पायरी आली. तिने हात सोडला नाही. मी आणखी दोन पावलं वाट पाहिली. समोरून शाळेतल्याच एक बहनजी येत होत्या. मी माझा हात सोडवून घेतला.

अकरा वाजले, बारा वाजले. साहेब आधी मोठ्या बहनजींच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, खोलीत, मग हिंदीच्या वर्गांत. बाराच्या सुमारास शेवटच्या बाकावरून हात वर झाला. ती उभी राहिली. "बाई, कान फार दुखतोय."

साहेबांचा आवाज शेजारच्या खोलीतून येत होता. मी म्हटलं, "खाली बस. घरच्या गोष्टी घरी."

ती बसली. वर्ग नेहमीसारखा चिडीचूप झाला.

साहेब दीड वाजता आले. नव्या प्रांताच्या दुसऱ्या टोकाचे, जबलपूरकडचे, वयस्क, मफलर गुंडाळलेले. माणूस सज्जन होता. दुष्ट असता तर मला आज सोपं गेलं असतं. त्यांनी बोटाने मुली मोजल्या, पंधरा, आणि वहीत लिहिलं. पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, आपला प्रांत कोणता? ती ठणकावून मध्यभारत म्हणाली, मग जीभ चावली. साहेब हसले. "हमें भी अभी याद करना पड़ता है," म्हणाले.

मग त्यांची नजर शेवटच्या बाकावर गेली. मुलीचं डोकं बाकावर टेकलेलं होतं. ते खिडकीच्या कडेने तिच्यापाशी गेले, वाकले, तिच्या कपाळाला हात लावला.

"इसे तो तेज़ बुखार है। बहनजी, ये किसकी बच्ची है?"

खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. पण मला साहेबांची वही दिसत होती. शिक्षिकेने पट भरायला स्वतःची आजारी मुलगी आणून बसवली, असं त्यात लिहिलं गेलं असतं. वर्गही गेला असता आणि माझी अब्रूही. मी म्हटलं, "जी, इसके पिता दफ़्तर में हैं। भोपाल गए हैं।"

"और माँ?"

"माँ यहीं है।"

"तो माँ को ख़बर कीजिए। ऐसी हालत में बच्ची को भेजा कैसे?"

मी "जी" म्हटलं.

मुलीने मान उचलून माझ्याकडे पाहिलं आणि मग पाटीकडे. बाकीच्या चौदा मुलींना ती कोणाची आहे हे ठाऊक होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. इतकी चांगली शिस्त मी लावली होती. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही, आणि त्या लाजेतही मी साहेब बाहेर पडेपर्यंत जागची हलले नाही.

ते गेल्यावर मी धावले. कानटोपीची डावी बाजू ओली झाली होती, पिवळी आणि थोडी लाल. टांगा केला, पडावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान पाहिला आणि मला विचारलं, किती दिवस दुखत होता? मी सांगितलं. ते म्हणाले, "दो दिन पहले ले आतीं।" सुया दिल्या. ताप चार दिवसांत उतरला, कान वाहायचा थांबला. पण डाव्या कानाने तिला ऐकू येईना. पडदा फाटला होता आणि आतही बिघडलं होतं. पुढे भोपाळला, इंदूरला दाखवलं. तो कान कायमचा गेला.

बोळातली ती बाई कळल्या कळल्या आली. मुलीच्या उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला सांगायचं होतं ना, बाई. माझ्या धाकटीला आणून बसवली असती एक दिवस. गिनतीच तर करायची होती."

हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. खोटी मुलगी बसवणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. आजारी मुलगी बसवणं बसलं.

यजमान आले. मला वाटलं होतं ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मुलीपाशी बसले, डाव्या बाजूने तिला हाक मारली, उजव्या बाजूने मारली. मग मला विचारलं, "पंधरा भरल्या?"

"भरल्या," मी म्हटलं.

त्यानंतर ते या विषयावर कधी बोलले नाहीत.

मुलीचा दाखला मी माझ्याच हाताने लिहिला. कारण: पालकाची बदली. वर्तणूक: चांगली. माझं वचन मोडलं होतं, पण ती बाई त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. स्टेशनवर जाताना आम्ही टांग्याने टोपी बाजारावरून गेलो. ती दुकानाची पायरी मुलीने पाहिली, मीही पाहिली. फलाटावर मी डब्यातून दही काढून तिच्या तळहातावर घातलं. तिने ते चाटलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येते, बाई."

तिने टोचून म्हटलं नव्हतं. आम्ही पायरीच्या पुढे आलो होतो, ती नियम पाळत होती. इथे आई म्हण, एवढंच मला सांगायचं होतं. गाडी हलेपर्यंत माझ्या तोंडून ते निघालं नाही.

उन्हाळ्यात वर्ग हिंदीत मिसळला. पंधरा होत्या त्या उन्हाळ्यापर्यंत नऊ उरल्या होत्या, निरीक्षणाचा काही उपयोग झाला नाही. मला त्याच शाळेत बहनजी म्हणून ठेवलं. दोन वर्षांनी भोपाळला बदली मिळाली आणि मी त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात राहायला गेले. मुलगी घरात मला आईच म्हणत होती. रस्त्याने चालताना ती नेहमी माझ्या डाव्या हाताला असे, म्हणजे मी तिच्या उजव्या कानाशी. कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

ती पुढे शिक्षिकाच झाली. मी नको म्हणत होते. तिची स्वतःची मुलगी तिच्याच शाळेत होती आणि भर वर्गात तिला मम्मी म्हणायची. सगळे हसायचे, माझी मुलगीही हसायची. मी एकदा ते पाहिलं आणि घरी येऊन खूप रडले.

गेल्या हिवाळ्यात, ती निवृत्त व्हायला आली असताना, आम्ही दोघी उन्हात मटार सोलत बसलो होतो. पन्नास वर्षं जे विचारलं नाही ते मी तेव्हा विचारलं. म्हटलं, "त्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं, ही कोणाची मुलगी. मी काय म्हटलं, आठवतं तुला?"

तिचे हात थांबले नाहीत. "आई, माझा कान तर तेव्हा बंद होऊन गेला होता ना. मला काहीच ऐकू नाही आलं."

मी हो म्हटलं. बंद झाला होता तो डावा कान. साहेब खिडकीशी, तिच्या उजव्या बाजूला उभे होते, आणि मी समोर. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्याही ते लक्षात असणार, कारण तिने मटारांचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि मी आणखी काही विचारायच्या आत म्हणाली, "आई, तू सोल, मी चहा टाकते."